फवारणीच्या विमानाचे इंजिन बंद पडले तर?

गेल्या पंधरवड्यात आपल्या गटातील एका शिवारात ड्रोनने फवारणी करून दाखविली. कार्यक्रम आटोपल्यावर एका वयस्क सभासदांनी आम्हाला थांबविले. म्हणाले, "साहेब, पूर्वी विमानानं औषध मारत. त्याचं इंजन वरच बंद पडलं तर उतरवत कुठं?"

विमानाने पिकावर औषध टाकण्याचा पहिला प्रयोग १९२१ साली अमेरिकेत ओहायो राज्यात झाला. आपल्याकडे हिंदुस्थान एरोनॉटिक्सने याच कामासाठी 'बसंत' विमान बांधले. त्याचा सुधारित नमुना मार्च १९७२ मध्ये उडाला आणि १९८० पर्यंत ३९ विमाने तयार झाली. इंजिन ४०० अश्वशक्तीचे, पण एकच.

फवारणी पिकाच्या डोक्यावरून दोन-तीन मीटरवरून होते. तिथे इंजिन थांबले तर वैमानिकाच्या हाती मोजके क्षण. असलेल्या वेगावर तो विमान थोडे वर खेचतो, टाकीतले सारे औषध एकदम खाली सोडून वजन कमी करतो, आणि समोर दिसेल त्या जागी उतरतो. धावपट्टीकडे वळायचा मोह घातक; वळणात वेग मोडतो आणि विमान दगडासारखे कोसळते.

इंजिन बंद पडायची कारणे आपल्या ओळखीचीच. इंधनात पाणी, चोंदलेला फिल्टर, रिकामी टाकी. डिझेल पंपाची गाळणी ज्यांनी साफ केली आहे त्यांना वेगळे सांगायला नको. म्हणून उड्डाणापूर्वी टाकीच्या तळचे इंधन काढून पाहतात.

आता उतरायचे कुठे? उभा ऊस वरून गादीसारखा दिसतो, पण चाके धरतो आणि विमान उलटते. आपल्या भंडाऱ्यात तर धानाच्या बांध्या लहान, दर थोड्या अंतरावर धुरा, पावसाळ्यात चिखल. रस्त्यावर विजेच्या तारा. खरे सांगायचे तर सोयीची जागा मिळणे कठीणच. म्हणूनच अशा विमानांत औषधाची टाकी इंजिन आणि वैमानिक यांच्यामध्ये ठेवीत, म्हणजे पहिला धक्का माणसाला बसू नये.

ड्रोनमध्ये माणूस बसत नाही, धोका मात्र खाली उभ्या असलेल्याला. चार पंख्यांच्या ड्रोनचा एक पंखा थांबला की तो पडतोच. सहा पंख्यांचा बहुधा सावरून उतरविता येतो. भाड्याने बोलावताना हे विचारून घ्यावे. उडत असताना त्याच्याखाली कोणी, विशेषतः पोरेसोरे, थांबू नये. उसात पडलाच तर धावत जाऊन उचलू नये. बॅटरी पेट घेऊ शकते, शिवाय औषध सांडलेले असते. चालविणाऱ्यालाच हातमोजे घालून आधी बॅटरी सोडवू द्यावी.