गॅरेजवाला सांगतो ते सगळेच खरे असते का?



हवल्लीत राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांची गाडी बिघडली की ती चौथ्या रिंग रोडने शुवैखला जाते. शुवैखचा औद्योगिक भाग म्हणजे गाड्यांचे रुग्णालयच. एका गल्लीत फक्त रेडिएटरवाले, दुसरीत वायरिंगवाले, तिसरीत एसीवाले, पुढे डेंटिंग-पेंटिंग. तिथे मोडकी हिंदी, मोडकी अरबी आणि हातवारे अशा तिन्ही भाषांत काम चालते. या लोकांच्या हातात कसब आहे यात शंका नाही. पन्नास अंशांच्या उन्हात पत्र्याखाली उभे राहून इंजिन उतरवणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे.

पण कसब वेगळे आणि सल्ला वेगळा. हात सफाईने चालणाऱ्या माणसाचे शास्त्र वीस वर्षे जुने असू शकते. त्याने उस्तादाकडून जे ऐकले तेच तो आपल्याला ऐकवतो आणि आपण मान डोलावतो. अशा काही सल्ल्यांची, विशेषतः उन्हाळ्याशी संबंधित सल्ल्यांची, आज ओळख करून घेऊ. आपल्या देशाच्या, म्हणजे आपण सध्या राहतो त्या देशाच्या उन्हाळ्याबद्दल एकच आकडा पुरे: २१ जुलै २०१६ रोजी कुवेतमधील मित्रिबाह येथे ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, आणि जागतिक हवामान संघटनेने तपासणीनंतर ती नोंद मान्य केली. ही सावलीतली हवा. डांबरी रस्ता त्याहून कितीतरी जास्त तापतो.

पहिला सल्ला: “थर्मोस्टॅट काढून टाका. गरम देशात त्याची गरज नाही.”

थर्मोस्टॅट ही इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधली एक छोटी झडप असते. तिच्यात खास प्रकारचे मेण भरलेले असते. इंजिन थंड असताना झडप बंद राहते आणि पाणी इंजिनातच फिरते. पाणी साधारण ८२ ते ९० अंशांपर्यंत तापले की मेण वितळून फुगते, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे निवण्यासाठी जाते. कधी ही झडप बंद अवस्थेतच अडकते आणि इंजिन तापते. मग मेकॅनिक ती काढून फेकतो, गाडी चालू लागते आणि सर्वांना वाटते, रोग गेला. भारतातही जुन्या मेकॅनिक मंडळींमध्ये ही रीत होती. नवीन थर्मोस्टॅट मिळवण्यापेक्षा काढून टाकणे सोपे, एवढाच त्यामागचा विचार.

यात बिघडते काय? एक तर जानेवारीच्या सकाळी इंजिन लवकर गरम होत नाही. गाडीतल्या संगणकाला वाटते की इंजिन अजून थंडच आहे, म्हणून तो जास्त पेट्रोल सोडत राहतो. थंड इंजिनाची झीजही अधिक होते. दुसरी गोष्ट जास्त गमतीची आहे. पुष्कळ इंजिनांत पाण्याला दोन वाटा असतात, एक रेडिएटरकडे जाणारी आणि एक आडवाट. थर्मोस्टॅट उघडताना त्याची खालची चकती ही आडवाट बंद करते. थर्मोस्टॅटच नसेल तर आडवाट कायम उघडी राहते आणि बरेचसे गरम पाणी न निवताच इंजिनात परत येते. म्हणजे गाडी तापू नये म्हणून केलेल्या उपायाने ऑगस्टच्या दुपारी गाडी अधिकच तापते! अडकलेला थर्मोस्टॅट बदलायचा असतो, काढून टाकायचा नसतो. सर्वसाधारण गाड्यांसाठी ही वस्तू महागही नसते.

याचाच धाकटा भाऊ म्हणजे “इथे बर्फ कुठे पडतो? कुलंट कशाला, साधे पाणी भरा” हा सल्ला. कुलंटला अँटिफ्रीझ असेही म्हणतात आणि त्या नावानेच सगळा घोटाळा केला आहे. ते पाणी गोठू देत नाही हे खरे, पण ते पाण्याचा उत्कलनबिंदूही वाढवते. शिवाय त्यातील रसायने लोखंड आणि ॲल्युमिनियम गंजू देत नाहीत. कुवेतचे नळाचे पाणी समुद्राच्या पाण्याचे ऊर्ध्वपातन करून मिळवतात आणि त्यात थोडे भूजल मिसळतात. ते पिण्यास चांगले, पण गंज थांबवणारे त्यात काही नाही. दोन-तीन उन्हाळे साधे पाणी वापरलेल्या रेडिएटरमधून चहासारखे तांबडे पाणी निघते.

मुलांनो, आईच्या प्रेशर कुकरमध्ये डाळ लवकर का शिजते? कोंडलेल्या वाफेच्या दाबामुळे आतले पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांवर उकळते. रेडिएटरचे झाकण हेच काम करते. त्याची स्प्रिंग आणि रबर ठीक असेपर्यंत दाब टिकतो. झाकण खराब झाले की पाणी लवकर उकळते, आणि मेकॅनिक कधीकधी इंजिनाचे हेड उघडायला निघतो, जेव्हा दोष फक्त झाकणाचा असतो. म्हणून मोठ्या कामाला होकार देण्यापूर्वी “झाकण तपासले का?” एवढे विचारावे. आणि जसा शिट्टी होत असलेला कुकर कोणी उघडत नाही, तसेच तापलेल्या गाडीचे झाकणही कोणी उघडू नये, बाबांनीसुद्धा!

आता सर्वांत धोक्याच्या सल्ल्याकडे वळू. टायरवाल्याच्या दुकानावर अरबीत ‘बंचर’ लिहिलेले असते. अरबीत ‘प’ हा उच्चार नाही, म्हणून पंक्चरचे बंचर झाले, जसे पेप्सीचे बेबसी. हा बंचरवाला मे महिना लागला की सांगतो, “उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, नाहीतर टायर फुटेल.”

ऐकायला हे पटते, कारण तापल्यावर हवा प्रसरण पावते हे आपण शाळेत शिकलेलो असतो. दर पाच-साडेपाच अंशांमागे दाब सुमारे एक पौंडाने वाढतो. सकाळी ३२ पौंड भरलेला टायर महामार्गावर धावून ३७-३८ दाखवतो. पण टायर बनवणाऱ्याने हे गृहीत धरलेलेच असते. खरा शत्रू कमी हवा हाच आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेरीत चेपते आणि पुन्हा सरळ होते. एखादी तार सारखी इकडून तिकडे वाकवली की ती बोटांना गरम लागते ना, तसेच हे. मिनिटाला शेकडो वेळा चेपणारे रबर आतून तापते, त्याचे थर एकमेकांपासून सुटू लागतात आणि १२० च्या वेगात एका क्षणी वरचा पट्टा सोलून निघतो.

हे केवळ तर्काने म्हणत नाही. फोर्ड कंपनीची ‘एक्सप्लोरर’ ही उंच गाडी १९९० च्या दशकात फायरस्टोनचे टायर लावून जगभर विकली गेली. आखाती देशांतही ती पुष्कळ होती. फोर्डने त्या टायरमध्ये २६ पौंड हवा भरण्याची शिफारस केली होती. उंच गाडी कलंडू नये आणि बसणाऱ्याला मऊ वाटावे असा हिशोब त्यामागे होता. गरम प्रदेशांत, भरल्या गाडीत, वेगात असताना या टायरांचे पट्टे सुटू लागले आणि गाड्या उलटू लागल्या. तक्रारींनंतर फोर्डने १९९९ साली सौदी अरेबिया आणि आसपासच्या आखाती देशांत टायर बदलून देण्यास सुरुवात केली. अमेरिकेत मात्र ९ ऑगस्ट २००० रोजी, म्हणजे वर्षभराने, सुमारे ६५ लाख टायर परत मागवले गेले. तोवर अनेक कुटुंबे उद्ध्वस्त झाली होती. अमेरिकेतील मृत्यूंचा सरकारी आकडा शेवटी अडीचशेच्या पुढे गेला. टायरच्या बांधणीतही दोष निघाला, आणि एका कंपनीने दुसरीकडे बोट दाखवत २००१ साली जवळजवळ शंभर वर्षांचे संबंध तोडले. हवेचा आकडा हा ‘अंदाजे’ ठरवण्याचा विषय नाही, हे यावरून दिसते. वाईट सल्ला फक्त गल्लीतला बंचरवालाच देतो असे नाही, हेही दिसते.

मग किती हवा भरावी? चालकाचे दार उघडले की चौकटीवर एक छोटा कागद चिकटवलेला असतो, त्यावर आपल्या गाडीचा आकडा छापलेला असतो. हवा सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी मोजावी. टायरच्या अंगावर लिहिलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते. तेवढीच हवा ठासून भरणारेही भेटतात, तीही चूकच. आणि तापलेल्या टायरमधून दाब जास्त दिसतो म्हणून हवा काढून टाकणे ही तर सर्वांत मोठी चूक, कारण टायर निवला की तो कमी हवेचाच राहतो.

बंचरवाल्याकडची आणखी एक गोष्ट म्हणजे हवेवर चालणारी बंदूक. तिने चाकाचे नट क्षणात आवळले जातात, पण इतके घट्ट की वफ्रा किंवा साल्मीच्या रस्त्यावर चाक बदलायची वेळ आली तर हातपान्याने ते हलतही नाहीत. शेवटचा फेर हाताच्या पान्याने द्यायला सांगावे. मिनिटभराचे काम आहे.

एसीबद्दल थोडक्यात. “गॅस संपला आहे, भरून देतो” हे वाक्य दर मे महिन्यात ऐकू येते. एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. बराच कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे. गॅसचे वजनही ठरलेले असते. जास्त भरला तर गारवा वाढत नाही, उलट कमी होतो. कोणता गॅस आणि किती ग्रॅम, हे बॉनेटखालच्या कागदावर बहुधा लिहिलेले असते. जुन्या गाड्यांत आर-१२ होता, १९९० च्या दशकात आर-१३४ए आला आणि आता पुष्कळ नव्या गाड्यांत आर-१२३४ वाय-एफ असतो. यांची आपसांत भेसळ चालत नाही.

हे सर्व अज्ञानाने होते की लोभाने? दोन्ही प्रकार असतात. १९९२ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याच्या तपासनिसांनी साधे गिऱ्हाईक बनून सिअर्स या मोठ्या दुकानसाखळीच्या गॅरेजांत गाड्या नेल्या, आणि गरज नसलेली दुरुस्ती गळ्यात मारल्याचा आरोप राज्याने ठेवला. तिथे कर्मचाऱ्यांना विक्रीवर कमिशन मिळत असे. प्रकरण अंगाशी आल्यावर कंपनीने ती पद्धत बंद केली. तेव्हा चकचकीत काचेची केबिन आणि मोफत चहा ही प्रामाणिकपणाची खूण मानू नये.

उलट, गॅरेजवाल्याचे बरोबर असते तिथे मान्यही करावे. “इथे तेल लवकर बदला” हा सल्ला बऱ्याचदा खरा असतो. धूळ, उष्णता आणि घर ते शाळा अशा छोट्या फेऱ्या यांना गाडीच्या पुस्तकातच कठीण परिस्थिती म्हटलेले असते आणि त्यासाठी वेगळे, कमी किलोमीटर दिलेले असतात. ते पुस्तक डॅशबोर्डच्या खणात, रुमालांच्या डब्याखाली, बहुतेकांच्या गाडीत कोरे करकरीत पडलेले आहे. आणि एखादा भाग बदलला तर जुना भाग परत मागावा. चांगला मेकॅनिक त्याबद्दल रागावत नाही, उलट तोच हातात देऊन कुठे झिजला ते दाखवतो.

मुलांसाठी गृहपाठ: टायरच्या बाजूला एका लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. ‘२३१९’ असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. दुकानात ‘नवा’ म्हणून मिळणारा टायरही कोठीत वर्षानुवर्षे तापत पडलेला असू शकतो, म्हणून हे आकडे वाचता आले पाहिजेत. आज संध्याकाळी ऊन उतरल्यावर बाबांबरोबर खाली पार्किंगमध्ये जा आणि चारही टायरचे व डिकीतल्या पाचव्याचे आकडे वहीत मराठीत लिहून आणा. कधी कधी ते आतल्या बाजूला असतात, तेव्हा टॉर्च न्या. पुढच्या वर्गात कोणाचा टायर सर्वांत म्हातारा आहे ते पाहू.