तात्या विंचूचा फसलेला परकायाप्रवेश

परकायाप्रवेशाची कल्पना आपणांस नवी नाही. शंकराचार्यांनी अमरुक राजाच्या देहात प्रवेश केल्याची आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. ‘भगवदज्जुकम्’ या प्राचीन संस्कृत प्रहसनात तर यमदूताच्या चुकीमुळे संन्यासी व गणिका यांच्या जीवांची अदलाबदल होऊन मोठा हास्यकल्लोळ उडतो. मृत्यू आणि विनोद यांची हीच जोडी १९९३ साली ‘झपाटलेला’ या चित्रपटाच्या रूपाने मराठी पडद्यावर अवतरली.

मारेकरी एकेकास गाठून शस्त्राने ठार करतो, अशा चित्रपटांस ‘स्लॅशर’ म्हणतात. हिचकॉक यांचा ‘सायको’ (१९६०) हा त्यांचा पूर्वज मानला जातो. १९८८ साली अमेरिकेत निघालेल्या ‘चाइल्ड्स प्ले’मध्ये मरणोन्मुख खुन्याचा आत्मा एका बाहुल्यात शिरतो. दिग्दर्शक महेश कोठारे यांनी हे कथाबीज तेथून उचलले खरे, परंतु त्यास वेष मात्र अस्सल मराठी चढविला. तात्या विंचू हा गुंड मंत्रबळाने बाहुल्यात शिरतो आणि तो बाहुला बोलक्या बाहुल्यांचा खेळ करणाऱ्या भोळ्या लक्ष्याच्या घरी येतो. तात्याची भूमिका व वाणी दिलीप प्रभावळकरांची, बाहुला रामदास पाध्ये यांनी घडविलेला. त्यांचे वडील य. के. पाध्ये यांनीच ‘अर्धवटरावा’स महाराष्ट्रात घरोघरी पोहोचविले होते. कथा परकी असली, तरी तिच्यामागची कला आपल्याच मातीतील होती.

इंदापूर तालुक्यातील एका यात्रेत, तंबूतल्या पडद्यावर आम्ही हा चित्रपट प्रथम पाहिला. काळोखातून बाहुल्याचा चेहरा हळूहळू पुढे आला, तेव्हा माझ्या धाकट्या मुलीने माझा सदरा घट्ट धरला होता. आणि पुढच्याच क्षणी लक्ष्याच्या फजितीने सारा तंबू हसत होता.

पुढे काही वर्षांनी बारामतीस या चित्रपटाची व्हीसीडी मिळाली. मोठ्या हौसेने ती आणून सारे घर जमविले. परंतु काळोखाचे प्रसंग म्हणजे करड्या चौकोनांचा नुसता चिखल! पडद्याच्या तळाशी जाहिराती सरकत होत्या, आणि ऐन रंगात तबकडी संपून दुसरी घालावी लागली. ज्या ठिकाणी मुलगी घाबरली होती, त्याच ठिकाणी पुतण्याने विचारले, “काका, येथे काही दिसायचे होते का?”

यात आश्चर्य नाही. व्हीसीडीच्या चित्रात आडवे ३५२ व उभे २८८, म्हणजे सुमारे एक लक्ष बिंदू असतात. डीव्हीडीत ते चार लक्षांहून अधिक. एका तबकडीवर सुमारे ७४ मिनिटेच मावतात, म्हणून चित्रपटाचे दोन तुकडे होतात. शिवाय माहिती दाबून बसविताना सूक्ष्म छाया प्रथम नष्ट होतात. आणि भयपटाचा सारा प्राण तर छायेत! त्यात मूळ प्रत घासलेली असली, म्हणजे मग बोलावयासच नको.

बारामती हे मोरोपंतांचे गाव. पंतांच्या आर्या पूर्वी पोथ्या उतरवूनच पसरल्या. लेखकू निष्काळजी असला, तर मात्रा चुकून अर्थाचा अनर्थ होई. म्हणून पाठभेद तपासण्याची शिस्त विद्वानांनी घालून दिली. चित्रपटाची प्रत काढणाराही लेखकूच होय. मग त्यासच ती शिस्त नको काय?

कोणी म्हणेल, बाहुल्याच्या चित्रपटासाठी एवढा खेद कशाला? पण लक्ष्मीकांत बेर्डे २००४ साली गेले. ते डोळे विस्फारणे, ती अडखळत उडणारी भंबेरी आता केवळ या प्रतींतच उरली आहे. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले. तरीही २००३ च्या जानेवारीत पुण्यातच लागलेल्या आगीत अनेक जुन्या चित्रपटांची ज्वालाग्राही नायट्रेट रिळे भस्म झाली. अग्नीने नेले ते परत येत नाही. पण निष्काळजीपणाने जे विद्रूप होते, ते सुधारता येते. मूळ निगेटिव्ह शाबूत असेल, तर तीवरून नवी, स्वच्छ प्रत काढता येते.

मात्र त्यासाठी मागणी हवी. स्वस्त मिळाले म्हणून कसलेही चित्र घरात आणणारे आपणही या दोषात थोडे भागीदार आहोत. परकायाप्रवेशात देह बदलला तरी जीव अखंड राहावा लागतो. तबकडीत केवळ कलेवर आले आणि जीव तंबूतच राहिला, असे आपल्या चित्रपटांचे होऊ नये, एवढीच इच्छा.