उशांचा दावा करकंबात लागला असता तर

१९६५ साली ‘द डिक व्हॅन डाइक शो’ या अमेरिकन विनोदी मालिकेच्या एका भागात रॉब पेट्री नामक सुखवस्तू लेखक, उशांच्या खरेदीत आपण नागवले गेलो या संतापाने विक्रेत्याला लघुवाद न्यायालयात खेचतो आणि वकिलाचा आव आणून आपली बाजू आपणच मांडतो. मालिकेला अवकाशच घटकाभराचा, त्यामुळे दावाही घटकाभरात निकाली निघतो. पडद्यावरच्या अशा न्यायनिवाड्यांवरून, किरकोळ रकमेसाठी प्रत्येक ठिकाणी असेच एक सुटसुटीत न्यायालय हाताशी असणार, अशी समजूत होते; ती सोलापूर जिल्ह्यातल्या करकंब गावच्या माणसाच्या उपयोगाची नाही.

१८८७ च्या प्रांतिक लघुवाद न्यायालय कायद्यान्वये अशी न्यायालये स्थापन करता येतात खरी. परंतु मुंबईत धोबीतलावला जे लघुवाद न्यायालय आहे, त्याचा बराचसा काळ घरमालक व भाडेकरू यांच्या तंट्यांतच जातो. करकंबच्या इसमाला उसनवारीच्या वसुलीसाठी पंढरपूरच्या दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागते. रॉबच्या उशा मात्र येथे सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेल्या असत्या, आणि तेथे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वकील सक्तीचा नाही, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीस शुल्क नाही; फक्त तक्रार दोन वर्षांच्या आत हवी.

दुसरी समजूत अधिक रूढ आहे. गावात पोलीस ठाणे असल्यामुळे पैसे बुडाले की पाय प्रथम तिकडे वळतात. केवळ देणे थकविणे हा गुन्हा नव्हे, व्यवहाराच्या आरंभापासूनच मनात कपट होते असे दिसल्यावाचून फसवणूक सिद्ध होत नाही, आणि वसुली हे ठाणेदाराचे काम नव्हे; हे तेथे ऐकून घ्यावे लागले की बिचाऱ्याला तो अन्यायच वाटतो.

‘कागद नाही, म्हणजे दावा नाही’ हेही खरे नाही. १८७२ च्या करार कायद्याला तोंडी करार मान्य आहे, साक्षीपुराव्याने तो शाबीत करता येतो. खरा घात दावा लावण्याची मुदत करते. “ऊसबिल आलं की देतो, अण्णा,” असे ऋणको दर हंगामात म्हणतो, आणि धनको भिडेपोटी मान डोलावतो. मात्र या तोंडी आश्वासनाने तीन वर्षांची मुदत एका दिवसानेही वाढत नाही. ती संपण्यापूर्वी सहीनिशी दिलेल्या देण्याच्या कबुलीनेच ती नव्याने सुरू होते. चार ओळींच्या चिठ्ठीवर सही मागण्यात आपल्याकडे जो संकोच मानला जातो, त्याची किंमत फार मोठी आहे, असे माझे मत आहे.

उरतो तो निकालानंतरचा भ्रम. हुकूमनामा हाती आला म्हणजे पैसे हाती आले नव्हेत. प्रतिवादीने न दिल्यास वादीने दरखास्त दाखल करावयाची, आणि तीस बारा वर्षांची मुदत आहे. ‘तुरुंगात टाकू’ ही धमकीही पोकळच असते, कारण दोन हजारांपर्यंतच्या हुकूमनाम्यात दिवाणी कैद नाहीच, पैशाच्या हुकूमनाम्यात स्त्रीला अटक करता येत नाही, आणि ऐपत असून टाळाटाळ केल्याचे दाखविल्याखेरीज इतरांनाही सहसा डांबले जात नाही. शिवाय कैद भोगल्याने कर्ज फिटत नाही. याबाबत सोलापूर जिल्ह्याचा पूर्वेतिहास मोलाचा आहे: १८७५ च्या सावकारविरोधी दंग्यांनंतर १८७९ साली जो दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला, तो प्रथम पुणे, सातारा, अहमदनगर व सोलापूर याच जिल्ह्यांना लागू झाला, आणि त्याने कर्जापायी शेतकऱ्याला अटक करणे बंद केले, किरकोळ दाव्यांसाठी गावपातळीवर मुन्सफ नेमण्याची व दाव्यापूर्वी समेट घडविण्याची तजवीज केली. रॉबच्या न्यायालयासारखे काही सरकारने आपल्या गावांना देऊ केले होते, ते असे! तो कायदा आता इतिहासजमा आहे. परंतु शेतकऱ्याची औते, आवश्यक बैल व बियाणे आजही दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमानुसार जप्तीतून वगळलेली आहेत, तेव्हा दरखास्त देणाऱ्याने प्रतिवादीच्या गोठ्यावर नजर ठेवण्याऐवजी त्याच्या बँकखात्याचा तपशील आधी मिळवावा.