गोळीच्या जोडीला गोळी

डिचोलीच्या बसस्टँडवर परवा नात्यातल्या एक वहिनी भेटल्या. माहेर डिचोलीचं, सासर बेळगावचं. मराठीत सुरू झालेलं वाक्य त्या कधी कन्नडात संपवतात ते त्यांनाही कळत नाही. पिशवीतून त्यांनी जीवनसत्त्व ‘ई’च्या कॅप्सूलची बाटली काढली. ‘‘भावोजी, धाकट्याला ही गुळगी चालू केली. मेंदूचा गंज जातो म्हणे. मग ती जुनी आता बंद केली तर चालेल ना?’’

धाकट्याला स्किझोफ्रेनिया आहे. ‘ती जुनी’ म्हणजे डॉक्टरांनी दिलेली रोजची गोळी. तिने कानातले आवाज थांबले, पण वजन वाढलं, दिवसभर सुस्ती असते. आईचा जीव तुटणारच.

‘गंज’ हा शब्द काही अगदी चुकीचा नाही. चिरलेलं सफरचंद हवेवर काळं पडतं, त्याला लिंबू चोळलं तर पडत नाही. शरीरातही प्राणवायूच्या वापरातून काही उपद्रवी कण तयार होतात आणि शरीर त्यांना आवरत असतं. स्किझोफ्रेनियाच्या अनेक रुग्णांत हे आवरणं कमी पडतं, असं रक्ततपासण्यांत दिसलं आहे. मग वरून जीवनसत्त्वं दिली तर?

हा प्रश्न आपल्याच लोकांनी विचारला होता. पुण्यातील संशोधक आणि अमेरिकेतील डॉ. साहेबराव महाडिक यांनी 33 रुग्णांना नेहमीच्या औषधासोबत चार महिने माशाच्या तेलातली मेदाम्लं आणि ‘ई’ व ‘सी’ जीवनसत्त्वं दिली. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात लक्षणं कमी झाल्याचं आढळलं. मात्र तुलनेसाठी खोट्या गोळीचा गट नव्हता. 2005 मध्ये नागपूरच्या अभ्यासाने तीही कसर भरली. 40 रुग्ण, आठ आठवडे, निम्म्यांना ‘सी’ आणि निम्म्यांना खोटी गोळी. ‘सी’वाले अधिक सुधारले. ऑस्ट्रेलियात 2008 मध्ये 140 रुग्णांवर एन-ॲसिटिल सिस्टीन वापरून माफक फायदा दिसला. कफ पातळ करायला देतात तेच हे औषध.

एवढं वाचून कुणीही दुकान गाठेल. पण 2016 मध्ये कॉक्रेन या संस्थेने असे 22 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा निष्कर्ष फिका निघाला. अभ्यास लहान, मुदत थोडी, पुरावा कच्चा. आणि यांतल्या पुण्या-नागपूरच्या अभ्यासांत कुणाचीही मूळ गोळी बंद केलेली नव्हती. वहिनींना हेच कुणी सांगितलं नव्हतं. ती अचानक तोडली की आजार उलटण्याची भीती मोठी. शिवाय कॅप्सूल निरुपद्रवी असतेच असं नाही. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर ‘ई’च्या मोठ्या मात्रेने रक्तस्राव होऊ शकतो. ‘सी’चा अतिरेक मुतखड्याला बोलावणं.

जोडीला काहीतरी हवं, ही आपली जुनीच ओढ. पेडण्यात कोजागिरीच्या पुनवेला बाधा झाल्याचं मानून माणसं आणली जातात. त्यामागची घालमेल मी हसण्यावारी नेणार नाही. पण जोडीला खरोखर उपयोगी ठरलेली एक गोष्ट गोव्यातच तपासली गेली आहे. गोवा, सातारा आणि तामिळनाडूत 282 रुग्णांवर झालेला अभ्यास 2014 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. दवाखान्याच्या उपचारासोबत प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते घरी जात. गोळ्या वेळेवर घेतल्या का, माणूस कामाला लागला का, घरचे थकलेत का, हे पाहत. फायदा थोडाच, पण दिसण्याजोगा होता. बाटलीत भरून ते विकता येत नाही, म्हणून त्याची जाहिरातही नाही.

वहिनींना म्हटलं, गोळीने सुस्ती येते हे डॉक्टरांना सांगा. मात्रा किंवा औषध बदलता येतं. गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था आहे, तुमच्या बाजूला धारवाडची डिम्हान्स. बाटलीही सोबत न्या, लपवू नका.

‘‘आणि आवळा?’’ त्यांनी विचारलं. ‘‘नेल्लीकाई तर चालेल की नाही?’’

चालेल म्हटलं. चोर्ला घाटाची बस लागली होती. बाटली पिशवीत टाकून त्या चढल्या, आणि खिडकीतून ओरडल्या, ‘‘सोमवारी धारवाडला जाते!’’