एअर फिल्टर (मोटारगाडी)

मोटारगाडीचा एअर फिल्टर म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेतील धूळ, वाळूचे कण, परागकण, किडे इत्यादी अडवणारी गाळणी होय. वाहननिर्मात्याने बसवलेला फिल्टर काढून त्याजागी दुसऱ्या उत्पादकाचा फिल्टर किंवा हवा आत घेणारी संपूर्ण नळीच बसवण्याची हौस लहान मोटारींच्या मालकांत आढळते. इंजिनाची शक्ती वाढावी, इंधन वाचावे किंवा आवाज भारदस्त व्हावा, हे त्यामागील हेतू असतात. तथापि फिल्टरचे पहिले काम इंजिनाचे रक्षण हे असल्यामुळे निवडीचा मुख्य निकषही तोच ठरतो.

कार्य

पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी त्याच्या वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वजन साधारण ७५० ग्रॅम धरल्यास त्यासाठी ११ किलोग्रॅम, म्हणजे सुमारे ९,००० लिटर हवा खर्ची पडते. लिटरमागे १५ किलोमीटर धावणारी मोटार १०,००० किलोमीटरच्या प्रवासात सुमारे ६,००० घनमीटर हवा आत ओढते. १५० घनमीटर आकारमानाच्या ४० वर्गखोल्यांत मावेल एवढी ही हवा आहे.

या हवेबरोबर येणाऱ्या धुळीत सिलिकाचे कठीण कण असतात. ते वंगण तेलात मिसळले की तेलाचे रूपांतर जणू घासण्याच्या लेपात होते. सिलिंडरची भिंत, पिस्टनच्या रिंगा व बेअरिंगे त्यामुळे झिजतात. परिणामी दाब टिकत नाही, तेल जळू लागते आणि धुराड्यातून निळसर धूर येतो. टर्बोचार्जर असलेल्या इंजिनात त्याच्या पात्यांचीही झीज होते. ही झीज हजारो किलोमीटरच्या प्रवासात हळूहळू होत असल्यामुळे तिचा संबंध फिल्टरशी जोडला जात नाही. वापरलेल्या वंगण तेलाच्या रासायनिक चाचणीत सिलिकॉनचे वाढलेले प्रमाण आढळणे, ही धूळ आत शिरत असल्याची महत्त्वाची खूण मानली जाते.

प्रकार

कागदी फिल्टर: बहुतेक मोटारींत निर्माता हाच फिल्टर बसवतो. विशिष्ट कागदाच्या घड्या घातल्याने लहान जागेत गाळण्यासाठी मोठे क्षेत्रफळ मिळते. कागदावर धुळीचा पातळ थर बसल्यावर गाळण्याची क्रिया अधिक चांगली होते. मात्र थर जाड झाला की हवेला अडथळा वाढतो. हा फिल्टर धुऊन वापरायचा नसतो.

तेल लावलेला सुती जाळीचा फिल्टर: सुती कापडाचे थर तारेच्या जाळीत बसवून त्यांना विशिष्ट तेल लावलेले असते. तो धुऊन पुन्हा वापरता येतो. तेल कमी पडल्यास धूळ आत जाते, तर जास्त झाल्यास ते हवेबरोबर पुढे जाऊन हवेचा प्रवाह मोजणाऱ्या संवेदकावर बसू शकते.

फोमचा फिल्टर: यातही बहुधा तेल लावतात. मोटारसायकली व कच्च्या रस्त्यांवरील शर्यतींच्या वाहनांत तो अधिक दिसतो.

तेलाच्या भांड्याचा फिल्टर: यात हवा तेलाच्या पृष्ठभागावरून वळवली जाते आणि जड कण तेलात अडकतात. जुन्या वाहनांत तो असे; अनेक ट्रॅक्टरांत आजही आढळतो.

बदलाच्या पद्धती

पहिल्या पद्धतीत मूळ पेटी तशीच ठेवून आतील फिल्टर तेवढा बदलतात. दुसऱ्या पद्धतीत पेटी काढून शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसवतात. तिसऱ्या पद्धतीत लांब नळी बसवून फिल्टर इंजिनाच्या उष्णतेपासून दूर, बहुधा बंपरच्या मागे नेतात.

मूळ पेटी निरुपयोगी नसते. ती बाहेरची तुलनेने थंड हवा आणते, पाणी दूर ठेवते आणि हवा ओढली जाताना होणारा आवाज शोषून घेते. उघडा फिल्टर बसवल्यावर आवाज वाढतो तो यामुळेच. आवाज वाढला म्हणजे शक्ती वाढली, असा समज अनेकदा होतो. परंतु दोहोंचा थेट संबंध नाही.

शक्ती व इंधनबचत

समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो. नव्या फिल्टरमुळे अवरोध १ किलोपास्कलने कमी झाला, तरी आत येणाऱ्या हवेची घनता जेमतेम १ टक्क्याने वाढते. याउलट उघड्या फिल्टरने बॉनेटखालची गरम हवा ओढली आणि तिचे तापमान ३० अंशांवरून ४० अंश सेल्सिअस झाले, तर घनता सुमारे ३ टक्क्यांनी घटते. म्हणजे एका हाताने मिळवलेले दुसऱ्या हाताने गमावले जाते, तेही दुपटीहून अधिक.

शिवाय पेट्रोल इंजिनात हवेचे प्रमाण थ्रॉटलची झडप ठरवते. शहरातील नेहमीच्या वेगात ती अर्धवटच उघडी असल्याने मुख्य अवरोध तिचाच असतो. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आधुनिक इंधन-अंतःक्षेपण असलेल्या पेट्रोल मोटारींत तुंबलेल्या फिल्टरमुळेही इंधनाचा खर्च लक्षणीय वाढत नाही, असे दिसून आले; वेग घेण्याच्या क्षमतेवर मात्र परिणाम झाला. त्यामुळे स्वच्छ कागदी फिल्टर काढून अधिक मोकळा फिल्टर बसवल्याने मोठी इंधनबचत होण्यास आधार उरत नाही.

निवडीचे निकष

फिल्टरची चाचणी आयएसओ ५०११ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार केली जाते. तीत हवेचा अवरोध, गाळणक्षमता आणि धूळ साठवण्याची क्षमता या तीन गोष्टी मोजतात. केवळ हवेचा प्रवाह किती वाढतो एवढेच सांगणारी जाहिरात अपुरी असते.

गाळणक्षमतेचे आकडे वाचताना काळजी घ्यावी लागते. ९९ टक्के आणि ९७ टक्के हे आकडे जवळचे वाटतात. पण पहिला फिल्टर १ टक्का धूळ सोडतो, तर दुसरा ३ टक्के. इंजिनात जाणारी धूळ तिप्पट होते.

कडेचा रबरी पट्टा पेटीत घट्ट बसणे तितकेच आवश्यक आहे. माध्यम उत्तम असले तरी कडेला फट राहिल्यास हवा त्या वाटेने न गाळता आत जाते. फिल्टरनंतरच्या नळीच्या आतील बाजूस धुळीचा थर दिसणे, हे अशा गळतीचे लक्षण होय.

वापराची परिस्थितीही विचारात घेतात. धुळीच्या कच्च्या रस्त्यांवर गाळणक्षमता व धूळ साठवण्याची क्षमता यांना प्राधान्य द्यावे लागते. कोकण किंवा मुंबईसारख्या, पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचणाऱ्या भागांत खाली नेलेली नळी धोक्याची ठरते. पाणी दाबले जात नसल्यामुळे ते सिलिंडरमध्ये शिरल्यास कनेक्टिंग रॉड वाकू शकतो व इंजिन निकामी होते.

रोजच्या वापराच्या लहान मोटारीसाठी मूळ पेटी कायम ठेवून निर्मात्याने सुचवलेला किंवा त्याच दर्जाचा कागदी फिल्टर वेळेवर बदलणे, हा सामान्यतः सर्वांत सुरक्षित व स्वस्त पर्याय होय. धुऊन वापरायचा फिल्टर घेतल्यास तेल प्रमाणात लावण्याची शिस्त पाळावी लागते.

देखभाल

फिल्टर बदलण्याची मुदत वाहनाच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते. धुळीच्या भागात ती कमी धरतात. कागदी फिल्टर जोराने आपटल्यास किंवा जास्त दाबाच्या हवेने झटकल्यास कागदाला सूक्ष्म छिद्रे पडू शकतात. असा फिल्टर वरून स्वच्छ दिसला तरी निरुपयोगी ठरतो.

कायदेशीर बाबी

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात नमूद केलेल्या तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. मूळ पेटीत त्याच मापाचा फिल्टर बसवणे ही नेहमीची देखभाल होय. मात्र संपूर्ण हवामार्ग बदलण्यापूर्वी वॉरंटीच्या अटी वाचणे इष्ट असते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात प्रदूषणावर परिणाम करू शकणाऱ्या अशा संचांना तेथील एअर रिसोर्सेस बोर्डाची सूट मिळालेली असावी लागते.

हे सुद्धा पहा

अंतर्ज्वलन इंजिन
कार्ब्युरेटर
टर्बोचार्जर
वंगण तेल