कॉर्डोबाचे स्तंभवन

स्पेन देशाच्या दक्षिणेस, ग्वादलक्विवीर नदीच्या तीरी, कॉर्डोबा हे प्राचीन नगर वसलेले आहे. रोमन लोकांच्या काळापासून तेथे नदीवर पूल आहे. तो ओलांडून आलेल्या प्रवाशाला समोर किल्ल्याच्या तटासारखी एक रुक्ष भिंत दिसते. परंतु नारिंगांच्या झाडांनी शोभणारे अंगण मागे टाकून आत पाऊल ठेवताच त्याची दृष्टी थक्क होते. जिकडे पाहावे तिकडे स्तंभच स्तंभ! त्यांची संख्या ८०० हून अधिक आहे.

दमास्कस येथील खलिफांचे राज्य इ. स. ७५० मध्ये बुडाले, तेव्हा त्या घराण्यातील अब्द अल-रहमान हा राजपुत्र जीव वाचवून पळाला आणि ७५६ मध्ये कॉर्डोबाचा अधिपती झाला. त्यानेच ७८५ च्या सुमारास ही मशीद बांधावयास घेतली. पहिले स्तंभ बहुतांशी पडक्या रोमन व ख्रिस्ती इमारतींतून आणलेले. कोणाचा दगड एका रंगाचा, तर कोणाचा दुसऱ्या. शिवाय ते ठेंगणे होते. त्यांवरच छत टेकविले असते, तर त्या विस्तीर्ण दालनात काळोख दाटला असता. तेव्हा कारागिरांनी प्रत्येक स्तंभावर दगडी खांब चढविला आणि कमानीच्या वर कमान बांधली. खालची कमान खांबांना एकमेकांशी जखडून ठेवते, वरची छताचा भार पेलते. पांढरा दगड आणि तांबडी वीट एकाआड एक बसविल्याने त्या कमानी पट्टेदार दिसतात. अडचणीतून असे सौंदर्य क्वचितच निर्माण झाले असेल. पुढील दोनशे वर्षांत राज्यकर्त्यांनी मशीद वाढवीत नेली. ही रचना मात्र कोणी सोडली नाही.

१२३६ मध्ये तिसऱ्या फर्डिनंड राजाने नगर जिंकले. मशिदीचे ख्रिस्तमंदिर झाले, परंतु वास्तू शाबूत राहिली. खरे संकट आले ते १५२३ मध्ये. स्तंभांच्या ऐन मध्यभागी उत्तुंग मंदिर उभारण्याचे धर्माधिकाऱ्यांनी ठरविले. नगरसभेने कडाडून विरोध केला. जे मोडले जाईल ते पुन्हा तितके सुंदर घडविता येणार नाही, असे तिचे म्हणणे होते. राजाचा निर्णय येईपर्यंत मोडतोडीस हात लावणाऱ्या कारागिराला देहदंड होईल, अशी दवंडीही तिने पिटविली. विरोध करणारे हे नागरिक स्वतः ख्रिस्तीच होते, हे विशेष. पण पाचव्या चार्ल्स राजाने धर्माधिकाऱ्यांच्या बाजूने कौल दिला आणि अनेक स्तंभ नाहीसे झाले. पुढे काम पाहून राजाला पश्चात्ताप झाला, अशी आख्यायिका आहे.

मंदिर पूर्ण होण्यास ऐंशीहून अधिक वर्षे लागली. तेही देखणे आहे. तथापि प्रवाशाची पावले पुन्हा पुन्हा वळतात, ती त्याच्या सभोवार उरलेल्या स्तंभांकडेच. अंगणाच्या कडेला उंच घंटाघर आहे. त्याच्या पोटात मशिदीचा जुना मिनार अजून उभा आहे.