न गळणारी गळती

सदाशिव पेठेत पेरूगेटाजवळच्या एका बोळात एका भाजीवाल्यांचा जुना डिझेल पिकअप टेम्पो रात्री उभा असे. पहाटे मार्केट यार्ड गाठायचे आणि माल आणून सातला दुकान उघडायचे, हा त्यांचा नेम. पण टेम्पोला एक खोड लागली. पहाटे सेल्फ मारताच इंजिन सुरू होई, मिनिटभर चाले आणि आचके देत बंद पडे. मेकॅनिकने ‘एअर काढली’, की दिवसभर तक्रार नसे. दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच! फिल्टर बदलला, हीटर प्लग बदलले. आता फ्युएल पंपच उतरवायचा, असे ठरत होते. तो खर्च म्हणजे महिन्याची कमाई.

ही ‘एअर’ म्हणजे काय? पेट्रोल इंजिनात इंधन ठिणगीने पेटते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या हवेला दाबून तिचे आकारमान सुमारे विसाव्या हिश्शावर आणतो. त्यामुळे ती इतकी तापते, की तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. हा फवारा उडवण्यासाठी पंप डिझेलवर वातावरणाच्या शंभरपटीहून अधिक दाब देतो. द्रव जवळजवळ दबत नाही, म्हणून पंपाचा रेटा थेट नॉझलपर्यंत पोचतो. मध्ये हवेचा बुडबुडा आला, तर तोच दबतो आणि नॉझल उघडत नाही. सुई काढलेल्या इंजेक्शनच्या पिचकारीत पाणी भरा, तोंड बोटाने बंद करा आणि दट्ट्या दाबा. तो हलणार नाही. पाण्याबरोबर थोडी हवा घेतलीत, तर मात्र तो आत सरकेल.

म्हणजे एअर काढणे हा तात्पुरता उपाय झाला, निदान नव्हे. हवा शिरते कोठून? नळीला भोक असेल, तर डिझेल गळायला हवे. पण टेम्पोखालची जमीन कोरडी होती!

मालकांचा मुलगा नववीत होता. त्याने दहा दिवस वहीत दोनच गोष्टी टिपल्या : टाकीत डिझेल किती होते आणि पहाटे इंजिन बंद पडले की नाही. टाकी काठोकाठ भरलेली असे, तेव्हा इंजिन चालू राही. निम्म्यावर आली, की बंद पडे. दोष पंपात असेल, तर टाकीतल्या पातळीशी त्याचा संबंध काय?

टाकी खाली असते आणि पंप तिच्याहून वर. इंजिन बंद असताना नळीचा जो भाग टाकीतल्या डिझेलच्या पातळीहून उंच असतो, तेथे दाब वातावरणाच्या दाबापेक्षा किंचित कमी असतो. तेथे चीर असली, तर डिझेल बाहेर येत नाही. बाहेरची हवाच आत शिरते आणि नळीतले डिझेल रात्रभरात टाकीत उतरते. पहाटे पंपात उरलेल्या डिझेलवर इंजिन सुरू होते. मग नळीतली हवा पंपात पोचते आणि ते बंद पडते.

मेकॅनिकने हे पडताळून पाहिले. टाकीकडची नळी सोडवून पंपाला शेजारी ठेवलेल्या कॅनमधून डिझेल दिले. पहाटे इंजिन व्यवस्थित चालले. म्हणजे पंप निर्दोष! मग नळी पुन्हा जोडली, टाकी पूर्ण भरली, नळी कोरडी पुसली आणि तिच्या जोडांवर वर्तमानपत्राचा कागद गुंडाळला. सकाळी टाकीजवळच्या क्लिपखालच्या कागदावर तेलकट डाग! तेथे रबरी नळीला केसासारखी चीर होती. टाकी भरली, की ती पातळीच्या खाली येई आणि डिझेल जेमतेम पाझरे. टाकी उतरली, की त्याच चिरेतून हवा आत जाई. वीतभर नळी बदलली आणि खोड गेली.

तुम्हीही करून पाहा. सरबताच्या नळीला वरच्या बाजूस टाचणीने भोक पाडा आणि पाणी ओढा. भोकातून पाणी गळणार नाही. बुडबुडे मात्र तोंडात येतील.

नव्या गाड्यांत संगणक दोषाचा संकेत देतो. तरीही एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय घडले ते लिहून ठेवायचे, ही रीत तेथेही उपयोगी पडते. त्या टेम्पोचा पंप वाचला, तो एका वहीमुळे.